पुराच्या गावात हायब्रिड सौर संच: आमच्या दवाखान्याचा अनुभव

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे जनरेटर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या, आणि ज्यांचे जनरेटर वाचले त्यांच्यापुढे रस्ते बंद असताना डिझेल आणायचे कोठून हा प्रश्न उभा राहिला. याच कारणाने आम्ही दवाखान्याच्या छपरावर ३ किलोवॅटचे पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिट वीज साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवून घेतली.

नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची वीज बाहेरच्या वाहिनीत देऊन ती बिलात वळती करून घेणारा, साधा सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग ऊन कितीही कडक असो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजना केलेली असते. छपरावर पॅनेल आहेत म्हणजे पुरात वीज मिळेलच, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे आधी जाणून घ्यावे. हायब्रिड संच मात्र बाहेरच्या वाहिनीपासून अलग होतो आणि निवडलेल्या जोडण्यांना वीज देत राहतो. आमच्याकडे त्यावर लसींचा फ्रीज, दिवे, पंखे, नेब्युलायझर आणि मोबाइल चार्जिंग एवढेच आहे. सरासरी २५० वॅटचा हा भार बॅटरी एकटीने साधारण १५ तास पेलते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात, त्यामुळे मला या १५ तासांचे मोल फार वाटते. एसी आणि पाण्याचा पंप या जोडणीवर मुळीच घेऊ नयेत.

कोकणातल्या पावसाळ्यात मात्र संचाची खरी कसोटी लागते. उन्हाळ्यात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज देणारे हेच पॅनेल संततधारेत जेमतेम दोन-तीन युनिट देतात, म्हणून विक्रेत्याकडून पावसाळ्यातले आकडे लेखी मागावेत. आमच्या विक्रेत्याने बॅटरी मीटरशेजारी तळमजल्यावर बसवण्याचा आग्रह धरला होता. पूररेषेच्या गावात हा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते. ती आम्ही वरच्या मजल्यावर नेली.

पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घरांसाठी आहे, त्यामुळे दवाखान्याला ते मिळाले नाही आणि बॅटरीचा खर्च जड गेला. तरीही मी हा संच घ्यावा असेच सांगेन. फक्त इन्व्हर्टरवर स्वतःचा स्क्रीन असलेले मॉडेल निवडावे, कारण मोबाइल टॉवर बंद पडल्यावर अॅपमधून बॅटरीत किती वीज उरली हे कळत नाही.