पंख्यामागची तंगूस-कटर चकती: उजनीत सहा महिने वापरून

माझी होडी करमाळ्याकडच्या काठाला असते. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-सोलापूरची मंडळी येतात, एरवी माणसं आणि किरकोळ सामान. मागं १५ एचपीचं आउटबोर्ड इंजिन आहे.

गेल्या दिवाळीत गिअरबॉक्सचं ऑईल बदलायला बोल्ट काढला, तर चहात दूध घातल्यासारखं बाहेर आलं. पंखा काढला. शाफ्टवर तंगूस, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा, इतकं घट्ट बसलेलं की सुरीनं खरवडावं लागलं. जाळ्याचा तुटका तुकडा पंख्यात येतो, वळत वळत मागं सरकतो, ऑईल सील फाडतो आणि पाणी आत शिरतं. इंजिन मात्र मजेत चालत असतं, कळतच नाही.

त्याआधी सोलापुरातल्या एका वर्कशॉपमधून पंख्याभोवती लोखंडी पिंजरा करून घेतला होता. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येतात, त्यांना तो अडवायचा, हे खोटं नाही. पण भीमेतनं वाहून आलेली जलपर्णी त्यातच गच्च भरायची. होडी जड व्हायची, रिव्हर्स टाकला तर नुसता फेस. आणि तंगूस? ते जाळीतून आरामात आत जायचं. शेवटी पिंजरा शेळीच्या गोठ्यात गेला.

मग ही स्टीलची चकती मागवली, ३,८०० रुपयांना. पंखा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसते, पंख्याबरोबर फिरते, कडेला करवतीसारखे दात. पंखा काढता येणाऱ्याला बसवायला तासभर पुरतो. वॉशरचा क्रम मात्र आधी फोटो काढून ठेवा, मी उलटा बसवून पुन्हा खोललं. सोबत आलेले बोल्ट तीन महिन्यांत गंजले, ते बदलले. एवढ्या पैशात धड बोल्ट देऊ नयेत म्हणजे कमालच!

तंगूस ती बेमालूम कापते. जलपर्णीची लांब मुळं बऱ्यापैकी. युरियाच्या गोणीपुढं मात्र हात टेकते; गोणी पंख्याला बिलगली की इंजिन बंद करून, सेफ्टी दोरी काढून, इंजिनाचा पाण्यातला पाय वर उचलून हातानंच सोडवायची. तेव्हा बोटं जपा, दात खरंच धारदार आहेत. कूलिंगचं पाणी आत जाण्याच्या भोकांवर पाला बसला तर चकतीचा काही उपयोग नाही. मागनं पाण्याची धार पडतेय का, हे बघायची सवय सोडू नका.

एक गोष्ट मनाला लागली. काठावरच्या आबांनी चकती बघितली आणि म्हणाले, "आमची जाळी कापायचं यंत्र आणलंस व्हय रं?" खरं आहे त्यांचं. लावलेलं जाळं कापलं गेलं तर त्यांचा दिवस गेला. म्हणून जाळ्यांचे तरंगते बोये दिसले की मी अजूनही लांबूनच वळतो, आणि अंधारात त्या बाजूला जात नाही.

पाचातले साडेतीन गुण. अर्धा बोल्टांनी खाल्ला, एक गोणीनं.

परवा ऑईल काढून बघितलं, जसं भरलं होतं तसंच निघालं. पंख्यामागं बोटभर तंगूस होतं, तेही तुकडे तुकडे.