ऑइल कूलर बसवतो म्हणाले आणि इंजिनच खाल्लं

माझी गाडी टाटा १६१३ ट्रक, कमिन्स इंजिन, २००९ चं मॉडेल. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. कोल्हापूरहून रत्नागिरीला पशुखाद्य घेऊन जायचं आणि येताना जांभा चिरा भरून यायचं, हा माझा कायमचा रूट. १९ वर्षं स्टेअरिंगवर आहे. हे आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो: "तू एवढा जुना माणूस, तू कसा फसलास?" असा फसलो.

फेब्रुवारीपासून आंबा घाट चढताना गाडी तापायला लागली. साखरप्यापासून वर निघालं की टेम्परेचरचा काटा लालच्या जवळ जायचा, आणि वर येऊन गाडी स्लोवर सोडली की ऑइल प्रेशर पडायचं. चिऱ्याचा सीझन पावसापर्यंतच असतो, नंतर खाणी बंद. त्यामुळे गाडी आठ दिवस गॅरेजला उभी करणं मला परवडणारं नव्हतं. टायरच्या दुकानात एक ड्रायव्हर भेटला. म्हणाला, हायवेला एक जण जुन्या गाड्यांना बाहेरून ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं तेल थंड करणारी जाळी, बसवून देतो, इम्पोर्टेड किट, एका दिवसात काम, घाटात काटा हलत नाही. त्या ड्रायव्हरला यात किती मिळाले, हे आता मला कोणी सांगायची गरज नाही.

८ मार्च २०२५ ला गाडी तिथे लावली. कूलर किट २४,०००, पाईप आणि फिटिंग ५,८००, मजुरी ४,५००, पंधरा लिटर तेल ४,८०० आणि "नवीन कूलर भरायला" जादा तीन लिटर तेल ९६०. एकूण ४०,०६०. वरचे साठ सोडले. १५,००० रोख दिले, २५,००० क्यूआर कोडवर. पैसे गेल्यावर मोबाईलवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मेव्हण्याचं खातं आहे मालक, आमच्या बँकेचं काम चालू आहे." बिलावर एक नाव, खात्यावर दुसरं, असं दिसलं की तिथूनच गाडी काढा. मी काढली नाही.

या इंजिनला कंपनीचा ऑइल कूलर असतोच. तो फिल्टरच्या मागे ब्लॉकमध्ये बसतो आणि त्याला पाणी थंड करतं. बाहेरचा कूलर हवेवर चालतो. फिल्टरच्या जागी मध्ये अॅडॅप्टर टाकतात, त्यातून तेल पाईपने बाहेर जाऊन जाळीतून फिरून परत येतं. यात खोटं काही नाही, पद्धत बरोबर आहे. म्हणून तर मला पटलं. तो म्हणाला, आतला पण काढून साफ करून बसवतो, त्याचे पैसे नको. त्याने मला "मालक, तासभर जेवून या" म्हणून पाठवलं आणि मी गेलो. गाडी उघडी असताना मालकाने जेवायला जायचं नाही. डबा तिथेच बसून खा.

आता तो क्षण. काम झालं, गाडी चालू केली, वीस मिनिटं रेस करून ठेवली. त्याने माझा हात धरून कूलरवर ठेवला. "हात लावून बघा मालक, गार आहे की नाही?" गार होता. पाईपसुद्धा गार. दोन्ही पाईप.

अरे, ज्यातून उकळतं तेल फिरतंय तो पाईप गार कसा असेल? जाणारा पाईप चटका देणारा आणि येणारा त्याहून थोडा कमी, असं असायला हवं. आयुष्यभर इंजिनला हात लावलेला माणूस मी, मला हे कोणी शिकवायला हवं होतं का? पण मी विचारलं, हेही खरं आहे. विचारल्यावर तो थांबला नाही, चटकन म्हणाला, "आत थर्मोस्टॅट आहे, ऐंशी डिग्रीच्या पुढं उघडतोय, उभ्या गाडीत तेवढं तापत नाही." असा थर्मोस्टॅट खरंच येतो, मी ऐकलं होतं. म्हणून गप्प बसलो. पण त्याच रात्री घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, दुसऱ्या दिवशी भरून घाट चढून वर आलो, तेव्हा परत एकदा हात का लावला नाही? दहा सेकंदांचं काम होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि हे आठवलं की झोप येत नाही.

दुसरी खूण डिपस्टिक, म्हणजे इंजिनातल्या तेलाची लेव्हल बघायची पट्टी. नवीन जाळी आणि लांबच लांब पाईप रिकामे असतात. गाडी चालू झाली की त्यात तेल भरतं आणि लेव्हल खाली येते, मग जादा तेल घालतात. माझी लेव्हल जिथल्या तिथे होती. ते तीन लिटर कुठे गेले? घातलेच नव्हते.

पुढच्या फेऱ्यांना घाटात काटा अर्ध्यावरून हलला नाही. मी चार जणांना फोन करून सांगितलं की काम झकास झालं. त्यातल्या एकाने तिथे गाडी लावायची तयारी केली होती, तो वाचला एवढंच.

२१ मार्चला चिरा भरून वर येताना घाटात निम्म्यावर ऑइल प्रेशरचा काटा पडला आणि खालून ठोका ऐकू आला. बंद करेपर्यंत उशीर झाला होता. टेम्परेचरचा काटा तेव्हाही अर्ध्यावर!

इंजिन उघडलं तेव्हा आमच्या मिस्त्रीने एकेक दाखवलं. कूलर म्हणजे कुठल्यातरी कारच्या एसीचा जुना कंडेन्सर, वर काळा रंग. अॅडॅप्टरमध्ये पाईपला जाणारी भोकंच बंद, पाईप नुसते शोभेला. टेम्परेचरच्या वायरमध्ये टेपखाली रेझिस्टर, त्यामुळे काटा वर जाणारच नव्हता. आणि आतला कंपनीचा कूलर गायब. तो मी दोनच वर्षांपूर्वी नवा टाकला होता, बिल आहे माझ्याकडे. त्या जागी कुणाच्या तरी गाडीचा गाळाने चोंदलेला जुना कूलर. तेलाला ना थंडावा, ना धड रस्ता. बेअरिंग गेले, क्रँक गेला.

इंजिनचा खर्च १,४६,३००. क्रेन ११,०००. चिरा दुसऱ्या गाडीत भरायचे ६,५००. आधीचे ४०,००० धरून २,०३,८००. गाडी २३ दिवस उभी होती, त्याचा हिशोब यात नाही. आणि मुळात गाडी का तापत होती? रेडिएटरच्या जाळीत चिऱ्याची लाल धूळ घट्ट बसली होती आणि फॅनचा बेल्ट ढिला होता. मिस्त्रीने दोन्हीचे मिळून १,८०० घेतले. आधी रेडिएटर धुवा, बेल्ट बघा, मग कोणाचं किट ऐका.

दुकानावर गेलो तर शटर बंद. शेजारचा म्हणाला, भाड्याने होते, गेले.

पोलिसांकडे गेलो. जिथे गाडी बंद पडली तिथले म्हणाले, फसवणूक दुकानात झाली, तिकडे जा. दुकानाच्या हद्दीतले म्हणाले, तुमच्याकडे बिल आहे, म्हणजे व्यवहार झाला, हा दिवाणी मामला. मी म्हणालो, साहेब, माझा चांगला पार्ट काढून नेलाय, ही चोरी नाही का? "तो तुमचाच होता हे कशावरून?" नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, कलम १७३ आहे, हे मी वकिलाकडून लिहून नेलं होतं. कागद वाचलासुद्धा नाही. चार वेळा गेलो, चारही वेळा "उद्या या". रोज उद्या आलो तर भाडं कधी मारू?

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला तर म्हणे, समोरासमोर वस्तू घेतली, ही ऑनलाइन फसवणूक नव्हे. बिलावरचा जीएसटी नंबर घेऊन त्या कार्यालयात गेलो. नंबर पंधरा अक्षरांचा असतो, माझ्या बिलावर चौदाच होती. मग तिथला बाबू म्हणतो, हा नंबरच नाही, त्यामुळे हा आमचा करदाता नाही, त्यामुळे आम्ही कारवाई कोणावर करणार? खोटा नंबर छापणाऱ्यावर करा की! सरकारी नंबरच्या नावाने माझ्याकडून पैसे घेतले, आणि सरकार म्हणतं तो आमचा माणूस नाही. बिल हातात आलं की अक्षरं मोजा आणि जीएसटीच्या साईटवर तिथल्या तिथे टाकून बघा, पैसे देण्याआधी.

ग्राहक आयोगात एकाने सांगितलं, ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. हे चूक आहे. स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. मुदत दोन वर्षं. त्यामुळे कोणी परत पाठवलं तर परत फिरू नका. मी अर्ज दाखल केला आहे. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, एवढाच प्रश्न अडला आहे.

काढलेला प्रत्येक जुना पार्ट ताब्यात घ्या. नव्या पार्टवर खिळ्याने खूण करून फोटो काढून ठेवा, म्हणजे "कशावरून" असं कोणी विचारणार नाही. माझ्याकडे तसा फोटो नव्हता. तो कंडेन्सर, अॅडॅप्टर आणि दोन्ही पाईप मी पुरावा म्हणून घरी पोत्यात बांधून ठेवले आहेत. पाईप आतून अजून कोरडे आहेत, तेलाचा एक थेंब लागलेला नाही.