बी.एल.एड.: चार वर्षं शिकून आणि काही महिने शिकवून झाल्यावर

बारावीनंतर "मला शिक्षिका व्हायचंय" म्हटलं की आपल्याकडे दोनच वाटा सांगतात. लहान मुलांना शिकवायचं तर डी.एड. (आता त्याला डी.एल.एड. म्हणतात), मोठ्यांना शिकवायचं तर आधी बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि मग बी.एड. बारावीनंतर थेट चार वर्षांची विद्यापीठाची पदवी, आणि तीही पहिली ते आठवीच्या मुलांना शिकवण्यासाठीच, अशी तिसरी वाट असते हे आमच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली सुरू केलेला बी.एल.एड. (बॅचलर ऑफ एलिमेंटरी एज्युकेशन) हा तो अभ्यासक्रम. मी तो पूर्ण केला आणि जूनपासून पुण्यातल्या एका खासगी सेमी-इंग्रजी शाळेत दुसरीच्या वर्गावर आहे. कॉलेजात असताना लिहिलं असतं तर भारावून लिहिलं असतं. आता पहिलं सत्र संपलंय, त्यामुळे काय कामाला आलं आणि काय नाही हे सांगता येईल.

आधी मुलग्यांसाठी वाईट बातमी. मी होते त्या काळात दिल्ली विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालवणारी कॉलेजं मुलींचीच होती: लेडी श्रीराम, मिरांडा हाउस, गार्गी, जीझस अँड मेरी वगैरे. म्हणजे लहान मुलांना शिकवणं हे बायकांचं काम, हा समज मोडायला निघालेल्या अभ्यासक्रमात पुरुषांना प्रवेशच नाही! पहिल्या वर्षी याचं हसू यायचं, चौथ्या वर्षी राग यायचा. माझ्या वेळी प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर व्हायचा. सरकारी कॉलेजची फी परवडते, पण हॉस्टेल मिळालं नाही तर पीजीचं भाडं आणि डबा यांतच घरच्यांचं कंबरडं मोडतं. हा खर्च धरूनच विचार करा.

आता अभ्यासाबद्दल. पहिल्या वर्षी आम्हाला पुन्हा गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं शिकवली, तीही शाळेतलीच. आधी सगळ्यांना वाटलं, हे काय बालिश. मग बाईंनी विचारलं की अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना दुसरा उलटा करून गुणायचा, ते का? वर्गात शुकशुकाट. नव्वद टक्के मिळवून आलेल्या मुली, आणि एकीलाही सांगता येईना. दहा-दहाऐवजी पाच-पाचाचे गट करून संख्या मोजायला-लिहायला लावलं तेव्हा बेरीज करताना आमची बोटं थरथरायला लागली. सहा वर्षांच्या मुलाला हातच्याची बेरीज करताना काय होत असेल, ते तेव्हा कळलं. शिक्षकांसाठीच्या दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात हा अनुभव मिळत असेल तर मला माहिती द्या, मी त्याचीही जाहिरात करेन.

दुसऱ्या वर्षी मुलांचं निरीक्षण. एक मूल निवडायचं, त्याच्यासोबत बसायचं, त्याच्याशी बोलायचं आणि दिसलं ते लिहायचं, आपलं मत न मिसळता. "तो हट्टी आहे" असं लिहिलं की लाल शाई. हट्टी म्हणजे काय केलं त्याने? किती वेळ? त्याच्या आधी काय झालं होतं? या फाइलींनी रात्री खाल्ल्या. शेजारच्या बी.ए.च्या मुली दुपारी मोकळ्या होऊन सिनेमाला जायच्या आणि आम्ही फाइली रंगवत बसायचो. नाटक, हस्तकला, आत्मविकासाच्या कार्यशाळा याही वेळापत्रकातच. त्यातल्या नाटकाचा मला वर्गात रोज उपयोग होतो. आत्मविकासाच्या काही कार्यशाळा मात्र गोल बसून एकमेकींना रडवण्यात गेल्या, त्या नसत्या तरी चाललं असतं.

चौथ्या वर्षी जवळपास चार महिने शाळेत इंटर्नशिप. पाठ घ्यायचा, सही घ्यायची आणि निघायचं असा डी.एड.-बी.एड.चा "सराव पाठ" अनेकांनी पाहिला असेल. इथे तसं नव्हतं, वर्ग महिनोन्‌महिने आपल्याच हातात. मला दिल्ली महापालिकेची शाळा मिळाली. तिथे एकाच इमारतीत सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची शाळा भरते. नियमित शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले की दोन वर्ग एकत्र, आणि समोर मी. सर्वांत जास्त शिकले ती इथे. पण हेही खरं की कॉलेजातून पर्यवेक्षणाला बाई येणार त्या दिवशी आमचे पाठ जरा जास्तच "कृतीयुक्त" व्हायचे. पुठ्ठे, रंगीत कागद, कठपुतळ्या. एरवी खडू-फळाच.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पदवी घेतलेल्या बाई वर्गात काय वेगळं करतात?

ऑगस्टमध्ये मी संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. एका मुलाने सत्तावीस ऐकून ७२ लिहिलं, चौतीसला ४३, एकोणचाळीसला १४. तीस, पन्नास अगदी बरोबर. शेजारच्या वर्गाच्या बाई अनुभवी आणि प्रेमळ आहेत, त्यांनी वही बघून सांगितलं, "लक्ष नाही गं त्याचं. दहा-दहा वेळा लिहून आणायला सांग." मी त्याला मधल्या सुट्टीत काड्यांचे गठ्ठे दिले आणि सत्तावीस काड्या दाखव म्हटलं. त्याने दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या मांडल्या, पटकन. म्हणजे संख्या त्याला येत होती. कानावर "सत्ता" आधी पडतं, "वीस" नंतर, आणि तो जसं ऐकू येतं तसं डावीकडून लिहीत होता. एकोणचाळीसमध्ये त्याने "एक" आणि "चाळीस" ऐकलं, १४ लिहिलं. चुका तीन, पण नियम एकच, आणि तो नियम त्याने स्वतः बनवलेला. मग आम्ही कार्डं केली: वीसचं लांब कार्ड, त्याच्या शून्यावर ठेवायला सातचं छोटं कार्ड. आधी लांब कार्ड मांडायचं, नंतर छोटं. आठवड्याभरात सत्तावीस, चौतीस सुटले. एकोणवाले आकडे दिवाळीपर्यंत रेंगाळले, त्यांचं प्रकरणच वेगळं.

(२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस सात" अशी वाचनपद्धत दिली तेव्हा घराघरात जो गदारोळ झाला, तो आठवत असेल. विनोदही भरपूर झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण परोपरीने सांगितलं होतं. मला ती पद्धत सरसकट नको वाटते, कारण बाजारात कुणी "वीस सात रुपये" म्हणत नाही. पण अडचण खरी आहे, हे माझ्या दुसरीच्या वह्या रोज सांगतात.)

चार वर्षांचे पैसे वसूल झाले ते इथे. मुलाची चूक दिसली की आधी "याने असा विचार का केला असेल?" हा प्रश्न डोक्यात येतो, ओरडणं नंतर. तो आपोआप येतो, प्रयत्न करावा लागत नाही. माझ्या मते दोन वर्षांच्या पदविकेत ही सवय लागायला वेळच मिळत नाही. डी.एल.एड. केलेल्या काही मैत्रिणी माझ्याहून उत्तम शिकवतात, पण त्या ते शाळेत पाच-सात वर्षं घालवून शिकल्या आहेत.

आणि काय नाही मिळालं? यादी मोठी आहे. टाचण (रोजच्या पाठाची लेखी तयारी) कसं लिहायचं, यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती कशी भरायची, पोषण आहाराची नोंदवही, परिपाठाचं नियोजन, पालकसभेत आवाज चढवणाऱ्या वडिलांशी कसं बोलायचं, यातलं काहीही नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय. आम्ही ते पाठ केलं होतं. माझ्या वर्गात बाकं संपतात, मुलं संपत नाहीत. एवढ्या मुलांत एकेकाच्या शेजारी काड्या घेऊन बसायला मधली सुट्टीच उरते, आणि तेव्हा मला डबाही खायचा असतो.

सगळ्यांत विचित्र वाटलं ते वर्णनात्मक नोंदींचं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या प्रगतीची शब्दांत नोंद करायची असते. मी म्हटलं, हे तर माझंच काम! चार वर्षं हेच केलंय. पहिल्या सत्राच्या शेवटी शाळेच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. विषयवार तयार वाक्यं: "उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो", "शुद्धलेखनाकडे लक्ष देणे आवश्यक". निवडा आणि उतरवा. मी काही मुलांच्या नोंदी स्वतःच्या लिहिल्या. त्यात "संख्या कळते, ऐकलेल्या क्रमाने लिहितो" अशी एक होती. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, सगळ्यांच्या एकसारख्या हव्यात, तपासणीला बरं पडतं. ते वाईट नाहीत, त्यांच्यावरही कागदांचा डोंगर आहे. पण जो गुण शिकवायला विद्यापीठाने चार वर्षं घेतली, त्यासाठी शाळेच्या छापील तक्त्यात रकाना नाही. माझ्या नोंदी आता मी वेगळ्या वहीत ठेवते, पालकांना तीच दाखवते.

नोकरीचं गणित थोडक्यात. एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, तिच्या पात्रतेत बी.एल.एड. पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी दोन्हींना चालतं. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवल्यावर ही गोष्ट एकदम मोलाची झाली. दिल्लीत किंवा केंद्रीय विद्यालयात जायचं असेल तर सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा द्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची नोकरी हवी तर टीईटी (राज्याची पात्रता परीक्षा), मग टेट (अभियोग्यता चाचणी), मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग वाट बघणं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन. त्याचं प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं. चार वर्षं दिल्लीत राहून परतलेल्या मुलीच्या वडिलांना हा आकडा सांगताना जरा बसवून सांगा. शिवाय इथल्या काही संस्थांच्या कार्यालयात "बी.एल.एड. म्हणजे काय हो?" असं विचारतात. एनसीटीईच्या अधिसूचनेची प्रत मी पिशवीतच ठेवत होते.

नवीन मुलींना आणखी एक. २०२३-२४ पासून आयटेप हा शिक्षक होण्यासाठीचा चार वर्षांचा एकात्मिक पदवी अभ्यासक्रम सुरू झालाय आणि राष्ट्रीय शिक्षण धोरणाला पुढे तोच हवाय. त्यात पायाभूत, पूर्वतयारी वगैरे टप्पा निवडावा लागतो, प्रवेश परीक्षाही वेगळी, एनसीईटी. मुलग्यांनाही तिथे दार उघडं आहे. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा आणि कॉलेजला फोन करून एकच प्रश्न विचारा: इंटर्नशिप किती आठवड्यांची, आणि वर्ग सलग आमच्याकडे असतो का? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरं कॉलेज बघा.

मराठी मुलींसाठी शेवटची सूचना. चार वर्षं सगळं वाचन-लेखन इंग्रजीत किंवा हिंदीत होतं, मराठी गंजते. टीईटीच्या पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस प्रश्न असतात. बालमानसशास्त्र तुम्हाला झोपेतही सुटेल. मराठीच्या तीस प्रश्नांत समास, प्रयोग, वाक्प्रचार दात दाखवतात. शेवटच्या वर्षीच्या सुट्टीत बालभारतीची पाचवी ते आठवीची मराठीची पुस्तकं काढून बसा. कविता वाचा, व्याकरणाचे स्वाध्याय स्वतः सोडवा.