गॅस गिझर की इलेक्ट्रिक? टाइल्स बसायच्या आधी ठरवा

जुना फ्लॅट नीट करायला काढला की टाइल्सच्या रंगावर घरात आठ-आठ दिवस खल होतो, आणि गिझरचा विषय निघतो तो प्लंबर पान्हा घेऊन उभा राहिल्यावर. आमच्याकडे पुण्यात तसंच झालं. "गिझरचा पॉइंट कुठं काढू, दादा?" असं त्याने विचारलं तेव्हा बाथरूम फोडून झालं होतं आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

सगळे आधी खर्चाचं विचारतात, म्हणून तो मिटवून टाकू. हिवाळ्यात नळाचं पाणी २२ अंशांचं धरा. अंघोळीला ४० लागतं. २० लिटरची बादली तापवायला साधारण अर्धं युनिट वीज लागते, नाहीतर ४०-४५ ग्रॅम एलपीजी. सगळे आकार मिळून युनिट १० रुपयांना आणि १४.२ किलोचा सिलिंडर ८५० रुपयांना धरला, तर विजेची बादली पाच रुपयांना पडते, गॅसची पावणेतीनला. रोजच्या चार बादल्यांमागे महिन्याला पावणेतीनशेच्या आसपास फरक. तुमच्या बिलावरचा दर घालून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, विजेचा वापर वाढला की वरचा स्लॅब लागतो, आणि गिझरची युनिटं बहुतेक त्याच महाग स्लॅबात जाऊन बसतात.

म्हणजे गॅस स्वस्त. पण निर्णय इथे होत नाही, तो जागेवर होतो.

गॅस गिझर जळताना आजूबाजूच्या हवेतला ऑक्सिजन खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतो तेव्हा येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तोही नाही. दार-खिडकी लावून गरम पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला चक्कर येते आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यामुळे "बाथरूममध्येच बसवू, वर जाळी आहे की" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. ड्राय बाल्कनी उघडी असेल, तिथून बाथरूमपर्यंत पाइप नेता येत असेल, तरच गॅसचा विचार करायचा. आणि ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून ती बंद करून टाकली असेल, तर ती उघडी धरू नका.

ते अंतरही मोजून घ्या. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे पाव लिटर पाणी थांबतं. गिझर आठ मीटर लांब असेल तर प्रत्येक वेळी दोन लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं.

वेगात मात्र गॅसला तोड नाही. मिनिटाला सहा लिटर देणारा गिझर तीनेक मिनिटांत बादली भरतो आणि पाचवा माणूसही तेवढ्याच गरम पाण्याने अंघोळ करतो. १५ लिटरच्या, २ किलोवॉटच्या इलेक्ट्रिक टाकीला ६० अंशांवर जायला वीस मिनिटं लागतात. गार पाणी मिसळून त्यातून दीड बादली निघते, की पुढच्याने बाहेर ताटकळायचं. तीन लिटरचा इन्स्टंट घेऊन बादल्या भरायच्या असतील तर बादलीमागे आठ मिनिटं धरा. तो बेसिनलाच बरा.

गॅसचे नखरे वेगळे. पाण्याचा दाब कमी असला की तो पेटतच नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी दाब तपासावा. ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात. ते संपायचा मुहूर्त माझ्या बाबतीत डोक्याला साबण लावल्यानंतरचा होता. उरलेली अंघोळ जानेवारीच्या गार पाण्याने. पाइपगॅस असेल तर गिझर पाइपगॅससाठीचाच घ्या, एलपीजीचा तसाच जोडता येत नाही. आणि जादा पॉइंट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्या, ओट्याखालून भिंतीत रबरी नळी घालू देऊ नका.

इलेक्ट्रिकला भिंतीतली तयारी लागते: थेट बोर्डापासून वेगळी वायर, १६ अँपियरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या इमारतीत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते मोजून घ्या. टाकीवरचे स्टार हे तापवलेलं पाणी चोवीस तासांत किती उष्णता गमावतं त्यावरून मिळतात. अंघोळीच्या आधी लावून लगेच बंद करणाऱ्याला जास्त स्टारचा फार फायदा नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार दोघांनाही सोडत नाहीत.

आम्ही शेवटी दोन्ही घेतले. ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या बाथरूमला गॅस, आणि टोकाच्या, आईच्या बाथरूमला १५ लिटरची टाकी. तिला एकच बटण दाबायचं असतं, आणि तिच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे तिथे दुसरा पर्याय नव्हताच. गॅसच्या बाथरूममध्येही इलेक्ट्रिकचा पॉइंट काढून, वर प्लेट लावून ठेवलाय. प्लंबरने तेव्हा मान हलवली होती, "दोन-दोन कशाला?" गेल्या डिसेंबरात सिलिंडर वेळेवर आला नाही, तेव्हा ती प्लेट उघडली.