सांबारातला हिंग: सिलियॅक असलेल्या लेकीसोबत साखळी हॉटेलात

लेकीला सिलियॅक (गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन अजिबात न चालणारा आजार) निघाल्यापासून गहू, रवा, मैदा, बार्ली घरातून गेले. बाहेर मात्र जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका दाक्षिणात्य साखळी हॉटेलात आम्ही बऱ्याच महिन्यांपासून थांबतो. तांदूळ-उडदाचे पदार्थ, स्वच्छ टेबलं आणि मेनूकार्डावर ॲलर्जीची माहिती. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांनी ती द्यावी, असं 2020 च्या लेबलिंग नियमांतच आहे.

त्या कार्डावर रवा डोशापुढे गव्हाची खूण आहे, सांबारापुढे नाही. माझं भांडण तिथंच. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, म्हणूनच डबा बघितल्याशिवाय कळत नाही. मॅनेजरला म्हटलं, डबा दाखवा. "मॅडम, मसाला सेंट्रल किचनमधून तयार येतो. आणि चिमूटभर हिंगानं काय होतंय?" ग्लूटेन-फ्री म्हणून विकायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, तिथं चिमूटभर ही फार मोठी गोष्ट आहे!

मग मी घरचं सांबार डब्यात नेलं. तर "बाहेरचं चालत नाही." डोशाचे पूर्ण पैसे घ्यायचे, सांबार तसंच परत न्यायचं, आणि पोरीनं कोरडा डोसा खायचा? मला प्रचंड राग आला. दोन स्टार दिले होते.

आता ते बदलते. परवा नवीन कॅप्टन होता. न सांगता त्यानं विचारलं, "ताई, तव्याचं काय? रवा डोसा त्याच तव्यावर होतो." बाजूचा लहान तवा घासून घेतला, वेगळं उलथणं घेतलं, चटणी फोडणीआधीच काढून ठेवली, कारण फोडणीतही हिंग. घरच्या सांबाराचा डबाही उघडू दिला. पोरगी दोन डोसे जेवली. चार स्टार.

बर्गरवाल्यांकडे फ्राइज आणि पावाचा चुरा लावलेल्या टिक्क्या बऱ्याचदा एकाच तेलात तळतात. तिकडे जाऊच नका. ढाब्यावर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत निम्म्या पैशात मिळतं, पण परात पोळ्यांच्या कणकेची नाही ना, हे आधी विचारा.

पाचवा स्टार हिंगाच्या पाकिटावरची घटकयादी दाखवतील त्या दिवशी. सेंट्रल किचनला मेल केलाय, उत्तर नाही.