घानातलं घर 5 स्टार, पाठवणारी एजन्सी 2 स्टार

मी हिंगणघाटकडच्या एका खेड्यातली, बीएस्सी ॲग्री झालेली. मागच्या ऑक्टोबर ते जानेवारी घानाच्या उत्तर भागात तमाले शहराजवळच्या एका गावात व्हॉलंटियर म्हणून राहून आली, डागोंबा लोकांच्या घरात, त्यांच्यातलीच एक होऊन. आमच्या भागातल्या दोनतीन पोरींनी विचारलं की जावं का, म्हणून एकदाचं लिहून टाकते. एजन्सीचं नाव घेत नाही, बऱ्याच जणी अशाच असतील.

एजन्सीनं आधी एक जाडजूड पीडीएफ पाठवलं, तिथलं राहणं कसं असते त्याचं. बादलीत पाणी घेऊन आंघोळ करावी लागेल. लाईट जाईल. हातानं जेवावं लागेल, डाव्या हातानं कोणाला काही देऊ नका. कोंबड्या घरात फिरतील. मोठ्या कुटुंबात प्रायव्हसी मिळणार नाही. मी हे बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणे, "हे तं आपल्या घरचंच लिवलं आहे, यासाठी पैसे देऊन चालली का वं तू? अन तेबी कापूस वेचाच्या टायमाले?" पीडीएफ गोऱ्या लोकांसाठी लिहिलेलं आहे, हे तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

जे खरंच सांगायला पाहिजे होतं ते त्यात नव्हतंच. एक तर नमस्कार. सकाळी बाहेर निघालं की जो दिसेल त्याला "दसिबा" म्हणायचं, तो पुढं विचारते झोप झाली का, घरचे कसे आहेत, काम कसं आहे, आणि प्रत्येकाला उत्तर एकच, "ना". आपल्याला वाटते नाही म्हणतो आहे, पण ते बरं आहे अशा अर्थाचं. विहिरीपर्यंत जायला पाच मिनिटं, तर नमस्कारातच वीस जायची. मोठ्या माणसासमोर बाया उकिडव्या बसून नमस्कार करतात. मी पहिल्या दिवशी सवयीनं वाकून पाया पडायला गेली तर म्हातारे जाम खूश, दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून बोलावणं. आणि पोट्टे मागं मागं "सिलिमिंगा, सिलिमिंगा" ओरडत यायचे, म्हणजे गोरी बाई! आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला गोरी म्हटलं, माझ्या आत्याला ऐकवायला पाहिजे होतं.

जेवणाचं नीट सांगते, कारण आमचं घर माळकरी आणि फॉर्मवर मी शाकाहारी असं मोठ्ठं लिहून दिलं होतं. ते घरापर्यंत पोचलंच नव्हतं, मायनस एक स्टार इथंच. रोज संध्याकाळी टीझेड, पूर्ण नाव तुओ झाफी, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा समजा, वर आयोयो नावाच्या पाल्याचं कालवण, भेंडीपेक्षाही बुळबुळीत. हातानं तोडायचं, बुडवायचं आणि चावायचं नाही, सरळ गिळायचं. मला पंधरा दिवस गिळता येईना, मी चावत बसायची आणि घरभर हसू. कालवणात सुकटीची पूड असायचीच. घरच्या आईला, म्मा म्हणतात तिला, मी मांस खात नाही सांगितलं तर तिनं विचारलं, "हे कुठं मांस आहे, हा तर मासा आहे." मग दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती माझ्यासाठी सुकट घालायच्या आधीच एक वाडगं काढून झाकून ठेवते. सांगितलं नाही, मिरवलं नाही. भुईमुगाच्या दाण्यांचं कालवण असलं की मग काही विचारूच नका, मी दोनदा घ्यायची.

सकाळी कोको, बाजरीची आंबट पातळ आंबील, आल्याची आणि तिखट, त्यासोबत कोसे. हे कोसे म्हणजे आपले बरबटीचे वडे हो! भिजवलेली बरबटी वाटून तळलेली, डोळे मिटून खाल्ले तर आजीच्या हातचे. लाल रंगाचं सोबोलो नावाचं सरबत बाटल्यांमध्ये विकतात, प्यायली तर अंबाडीची बोंडं. आपण पाल्याची भाजी करून भाकरीसोबत खातो, ते बोंडांचं सरबत करून थंड पितात. भात, बरबटी एकत्र शिजवून "वाचे" नावाचा पदार्थ करतात, त्यात ज्वारीची पानं टाकतात म्हणून भात तांबूस होते. आपण ज्वारीचा पाला बैलापुढं टाकतो.

कामाचं म्हणाल तर शेतीचा प्रोजेक्ट असं सांगितलं होतं, गेल्यावर कळलं प्रोजेक्ट आधीच्या सिझनलाच बंद झाला. शाळेत इंग्रजी वाचून घ्यायला बसवलं, ते माझं काम नाही आणि मला जमलंही नाही, खरं सांगते. मायनस अजून एक.

पण दुपारी म्माच्या बचत गटात शिया बटर काढायला बसायची, तेवढ्यासाठी परत जाईन. शियाचं झाड रानातलं, कोणी लावत नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला बाया पहाटे जाऊन फळं वेचतात आणि बिया वाळवून ठेवतात. मग त्या फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या. दळल्यावर चॉकलेटी लगदा होते, तो मोठ्या घमेल्यात घेऊन थोडं थोडं पाणी टाकत हातानं गोल गोल घोटायचा. कधी गार पाणी कधी कोमट, ते म्मा लगद्यात बोटं घालून ठरवायची, मोजमाप काही नाही. दहा मिनिटात माझा खांदा गेला. अर्ध्यापाऊण तासानं रंग पांढुरका व्हायला लागते आणि एकदम वर लोण्यासारखा गोळा तरंगते. ताक घुसळताना लोणी यायच्या आधी रवीचा आवाज बदलते ना, तसंच, इथं हाताला कळते. मी "आलं!" म्हणून मराठीतच ओरडली आणि म्मा म्हणाली, "आलं." तेव्हापासून तो गटाचा शब्द झाला.

बाकी पटापट. पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्या, लस घेतल्याचं पिवळं कार्ड सांभाळा, परत येताना आपल्याकडेही बघतात. मुंबईहून आदिस अबाबाला विमान बदलून अक्रा, तिथून तमालेपर्यंत बस, अंग मोडते. डिसेंबरात हरमॅटनचा वारा सुटते, सहाराची धूळ, ओठ फुटतात, तिथं शियाच लावायचं. मच्छरदाणी घेऊन जा. मोठ्यांना भेटायला जाताना कोला नट द्यायची पद्धत आहे, कडू असते, खर्रा खाणाऱ्या आमच्या काकाला आवडेल.

पैशाचं शेवटी, कारण ते कोणी विचारत नाही. मी एजन्सीला भरलेल्या रकमेतली घरापर्यंत किती येते हे म्माच्या मोठ्या मुलानं सांगितलं, चौथाई पण नाही. तिसरा मायनस इथं. त्यातून माझं तीन महिन्यांचं जेवण. जाणाऱ्यांनी आधी हाच प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर दुसरी बघा.

परत आल्यावर एजन्सीचा फीडबॅक फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, बादलीतल्या आंघोळीची सवय व्हायला किती दिवस लागले. मी शून्य टाकलं तर फॉर्म पुढंच जाईना, कमीत कमी एक टाकावा लागते. टाकला.