लाईट गेली की नीट चालणारा लॅपटॉप : नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दसऱ्याला लॅपटॉप घेतला, आता जुलै चालूय, म्हणजे नऊ महिने झाले वापरायला. घेतल्या घेतल्या पाच स्टार द्यायची मला सवय नाही अन् बरं झालं दिले नाहीत, कारण मधले चार महिने ह्यानं मला इतकं रडवलं की विकून टाकायच्या विचारात होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात कंपनीचा दोष थोडा अन् आमच्याच घराचा जास्त.

सेलूत आमचं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत, वर पत्रे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचे ॲडमिशन, सातबारा, सगळं ह्याच एका लॅपटॉपवर, दिवसाला नऊ-दहा तास. इंटेलचा बाराव्या जनरेशनचा आय-फाईव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, साडेपंधरा इंची फुल एचडी स्क्रीन, ६० हर्ट्झ. वरचं झाकण अन् हात टेकायची जागा मेटलची, दिसायला भारी, हे मेटल पुढं कामाला येणारंय म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पहिले तीन महिने काहीच तक्रार नाही. कीबोर्ड चांगला, मराठी टायपिंगला हात बसला, बॅटरी साडेचार-पाच तास जायची.

संक्रांत झाली अन् सुरू झालं. टचपॅडवर बोट फिरवलं की कर्सर दोन पावलं जायचा, थबकायचा, मग एकदम उडी मारून भलतीकडंच. सबमिटवर जायला गेलं की शेजारचं रीसेट दाबलं जायचं, समोर शेतकरी कागद घेऊन उभा अन् मी परत पहिल्यापासनं नाव, गट नंबर, बँकेचं खातं भरायलेय. पान खाली सरकवलं की खड्ड्यातनं एसटी जावी तसे धक्के. त्यात गंमत अशी की लाईट गेली की टचपॅड सुधारायचा! दुकानातला बोर्ड इन्व्हर्टरवर नाही, त्यामुळं लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, अन् बॅटरीवर आला की कर्सर कसा लोण्यासारखा. पण स्क्रोलिंग तेवढंच, उलट जास्तच अडखळायचं. म्हणजे चार्जर लावला तर एक दुखणं अन् काढला तर दुसरं.

कस्टमर केअरला फोन केला तर रीसेट करा म्हणाले. केलं. दीड दिवस गेला, मराठी टायपिंगची सगळी सेटिंग गेली, प्रिंटरचे ड्रायव्हर परत टाकावे लागले, अन् उपयोग शून्य. मग सर्व्हिस सेंटरला नेला. तिथं टेबलावर चार्जर लावून अर्धा तास चालवला तर एकदम गुणी लेकरासारखा! तिथला पोरगा माझ्याकडं असं बघायला लागला की ताईलाच वापरता येत नाही. तरी वॉरंटीत टचपॅड बदलून दिला. घरी आणला, बोर्डात लावला, पुन्हा तेच. तिथंच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं की वस्तू तीच, जागा बदलली की आजार जातो, मग आजार वस्तूत कसा असंल? पण तेव्हा नाही सुचलं.

सुचलं ते आत्याबाईंमुळं. त्या दुपारी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. एकदा लॅपटॉप जरा सरकवायला हात लावला अन् झटकन मागं घेतला, म्हणाल्या, "अगं बाई, ह्याच्यात करंट हाय, मुंग्या यायल्यात हाताला." आम्ही सगळे हसलो. हे म्हणाले, "आत्ती, लॅपटॉपला कुठं करंट असतोय का." होता ना! मी चप्पल काढून, फरशीवर पाय टेकवून, बोटाचा मागचा भाग मेटलवरनं हळूच फिरवला तर बारीक खरखर लागली, चार्जर काढला की गायब.

त्या दिवसापासनं एक काम केलं, अन् कुणालाही असा त्रास असंल तर आधी हेच करा. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले, कधी अडकला, तेव्हा चार्जर होता का, माऊस होता का टचपॅड, हार्ड डिस्क जोडलेली होती का, उन्हाचा वेळ होता का. आठ दिवसांत त्या पानावरनं कळलं की मी ज्याला एक दुखणं समजत होते ती चार-पाच वेगवेगळी दुखणी आहेत, दिसायला सारखी. म्हणूनच एक उपाय केला की वाटायचं बरं झालं, अन् दुसऱ्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न.

टचपॅडचं आधी सांगते. आमचे वायरमन मामा आले, त्यांनी लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही, सरळ एक्सटेन्शन बोर्ड उघडला. बोर्डाला भोकं तीन, आतली वायर दोनच! संक्रांतीला टेबल खिडकीकडं सरकवलं तेव्हा बाजारातनं हा बोर्ड आणला होता, बरोबर तेव्हापासनंच त्रास. तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन नुसती शोभेला. त्याचं असंय की चार्जरच्या आत विजेचा गोंगाट दाबायला बारीक कपॅसिटर असतात, ते हा गोंगाट अर्थिंगमधनं जमिनीत सोडतात. अर्थिंगच नसंल तर तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो, २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यापर्यंत व्होल्टेज अंगावर येऊ शकतं, करंट एकदम बारीक असतो म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण टचपॅड बोट ओळखतो तोच मुळी विद्युतभारातल्या बारीकशा फरकावरनं, त्याच्यासाठी हा गोंगाट म्हणजे लग्नातल्या डीजेशेजारी उभं राहून फोनवर बोलणं. (मुंग्यांच्या जागी झटका बसायला लागला तर मात्र चार्जर काढा अन् आधी वायरमन बोलवा.)

तीन तारांचा चांगला बोर्ड आणला, त्रास ऐंशी टक्के गेला. मी खूश. एप्रिल लागला अन् परत सुरू! आता बोर्ड तर नवा. मामांनी १०० वॅटचा बल्ब घेतला, फेज अन् न्यूट्रलमध्ये लावला तर लख्ख, फेज अन् अर्थिंगमध्ये लावला तर नुसती लाल तार. (हे आपण घरी करू नका, त्यांचं ते रोजचं काम.) मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा बघितला तर काळी माती भेगाळून हात जाईल एवढी फाटलेली, अन् पाईपवरच्या क्लॅम्पला गंज चढून वायर नुसती टेकलेली. उन्हाळ्यात आपल्याकडं बोअरला पाणी राहीना तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात कुठनं ओल राहणार? क्लॅम्प बदलला, कोळसा अन् जाडं मीठ टाकलं, वरनं दोन घागरी पाणी. संध्याकाळी लॅपटॉप लावला तर कर्सर पहिल्यासारखा, मुंग्या बंद. मामांनी पैसे घेतले तीनशे. टचपॅड बदलायच्या नादात माझं जाणं-येणं अन् दुकान बंद ठेवल्याचं नुकसान त्याच्या कितीतरी पट झालं होतं.

बॅटरीवर स्क्रोलिंग अडखळायचं त्याचं कारण दुसरंच. भाचा सुट्टीला आला होता, त्यानं दोन गोष्टी काढल्या. एक, पॉवर मोड बॅटरीवर एकदम काटकसरीच्या टोकाला होता, तो मधल्यावर आणला. दुसरी, इंटेलच्या ग्राफिक्स सेंटरमध्ये पॉवरच्या भागात पॅनल सेल्फ रिफ्रेश म्हणून एक बटण असतं. स्क्रीनवर काही हलत नसलं की चित्र स्क्रीननंच धरून ठेवायचं अन् प्रोसेसरला झोपू द्यायचं, बॅटरी वाचवायला. कल्पना चांगली, पण काही लॅपटॉपवर झोपेतनं उठायला उशीर होतो अन् सरकवायला गेलं की पान अडकल्यासारखं दिसतं. ते बंद केलं. बॅटरी अर्धा तास कमी जायलीय, चालंल.

ह्याच भाच्यानं मागं एकदा क्रोममधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून ठेवलं होतं हे पण त्याच वेळी उघड झालं! कुठंतरी व्हिडिओत बघून. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीम नावाच्या भागात असतं ते. ते बंद असलं की पान रंगवायचं सगळं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरच्या डोक्यावर. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एकेका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदाच्या आसपास वेळ, त्याच्यात काम आटपलं नाही की धक्का दिसलाच. चालू केलं अन् सरकारी साईटची लांबलचक पानं सरसर जायला लागली. त्याला चहा पाजला अन् शिव्या पण दिल्या.

रॅमचं थोडं सांगते, कारण इथं मला खरंच फसवल्यासारखं वाटलं. स्टिकरवर आयरिस एक्सई ग्राफिक्स अन् डिव्हाईस मॅनेजरमध्ये बघावं तर नुसतं यूएचडी, म्हणजे इंटेलचीच हलकी ग्राफिक्स. मला वाटलं दुकानदारानं दुसराच माल खपवला. तसं नव्हतं. ह्या चिपला ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, ती रॅमच वापरते, अन् रॅमची एकच पट्टी असली की रस्ता एकपदरी, तेव्हा ती स्वतःला यूएचडी म्हणवते. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली तसं नाव आपोआप बदलून आयरिस एक्सई झालं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलं की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. मोठे स्कॅन केलेले पीडीएफ सरकवताना फरक लगेच कळतो. एकच पट्टी घालून वर आयरिसचं स्टिकर लावणं हे मात्र मला पटलेलं नाही, इथं कंपनीचा एक स्टार कापला.

वायरलेस माऊसचा घोळ वहीशिवाय कधीच सापडला नसता. दर शनिवारी संध्याकाळी माऊस मेल्यासारखा चालायचा. शनिवारीच का? कारण शनिवारी मी गिऱ्हाइकांच्या कागदांचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते, अन् डिस्कची निळी यूएसबी अन् माऊसचा चिमुकला रिसीव्हर एकमेकाला चिकटून. यूएसबी ३ चालू असली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते अन् माऊस पण त्याच पट्ट्यात बोलतो, इंटेलनं २०१२ मध्येच ह्यावर कागद काढलाय. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या साध्या पोर्टला, वीतभर एक्सटेन्शन वायरनं, खलास. अन् टेबलावर काच आहे, खाली पासपोर्ट फोटोचे नमुने ठेवलेले, काचेवर ऑप्टिकल माऊसला धड दिसत नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवला.

राहिली गरमी. मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३, वर पत्रे, आत झेरॉक्स मशीनची धग. दोन ते चार कर्सर, स्क्रोल, टायपिंग सगळंच सुस्त. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघितला तर एक गिगाहर्ट्झच्या खाली आलेला, चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग पाडते. खालचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढली, झेरॉक्सच्या टोनरची काळी भुकटी पण निघाली, लॅपटॉपखाली लाकडाचे दोन ठोकळे दिले. निम्मा फरक पडला, निम्मा नाही. कूलरच्या झोतात ठेवू नका, आम्ही एक दिवस ठेवला होता तर कीबोर्ड दमट झाला. उन्हाळ्यात आता दुपारचे फॉर्म मी संध्याकाळवर ढकलते, लोकांना पण उन्हात यायचं नसतंच.

आता विम्याची गर्दी चालूय, ३१ तारखेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही, दिवसाला साठ-सत्तर फॉर्म, अन् कर्सरनं एकदाही दगा दिला नाही. सर्व्हर मात्र बसतोय, पण त्याला अर्थिंगचा उपाय नाही. पाचपैकी चार स्टार देते. कुणी विचारलं घेऊ का, तर घ्या, पण दोन पट्ट्या रॅमच्या बघून घ्या. अंगणातल्या खड्ड्याची जबाबदारी आत्याबाईंनी स्वतःकडं घेतलीय, पाऊस नसंल तर दर सोमवारी तुळशीला पाणी घातलं की उरलेली बादली तिथं ओततात, अन् मला खिडकीतनं विचारतात, "आता बघ गं, मुंग्या यायल्यात का?"